प्रतिकृतीवरून विमानाची पारख

इंदूर शहराच्या पश्चिमेस बिजासन टेकडीजवळ विमानतळ आहे. होळकर संस्थानाने १९३५ साली टाटा कंपनीचे नेव्हिल व्हिन्सेंट यांच्या साह्याने ही जागा निवडली, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या जुलै महिन्यात येथून ग्वाल्हेर, दिल्ली व मुंबईकडे विमाने जाऊ लागली. टेकडीवर देवीच्या दर्शनास येणारी खेड्यापाड्यांतील मंडळी आजही विमान उतरताना दिसले की क्षणभर थांबतात. एवढा मोठा लोखंडी पक्षी पडत कसा नाही, हा प्रश्न मुले विचारतात. विमान लोखंडाचे नसते, मुख्यतः अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. परंतु मुलांचा मूळ प्रश्न रास्तच आहे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम पतंगाकडे पाहणे सोयीचे होईल. माळव्यात मकर संक्रांतीला गच्चीगच्चीवर पतंग उडतात. एखादा नवा पतंग हाती घेतला आणि वर सोडला, तर कधी तो एका अंगाला झुकतो, गिरक्या घेऊ लागतो आणि पाहता पाहता जमिनीवर येऊन आपटतो. मुलगा तो उचलतो, कन्नी पुन्हा बांधतो, हलक्या बाजूच्या टोकाला चिंधीचा तुकडा लावतो व पुन्हा उडवितो. चार-पाच खेपांनंतर पतंग स्थिर होतो. या उद्योगात दोन-चार रुपयांच्या कागदापलीकडे कशाचेही नुकसान होत नाही.

विमानाच्या बाबतीत मात्र अशी ‘उडवून पाहू, चुकले तर दुरुस्त करू’ ही रीत चालत नाही. पहिल्याच उड्डाणात आत जिवंत माणूस बसलेला असतो. म्हणूनच विमान बांधण्यापूर्वी त्याची लहान प्रतिकृती तयार करून तिच्यावर वाऱ्याचा प्रयोग करण्याची पद्धत रूढ झाली. ही प्रतिकृती म्हणजे प्रदर्शनात काचेच्या पेटीत ठेवतात तसली शोभेची वस्तू नव्हे. तिच्याकडून नेमके काय कळते, काय कळत नाही, आणि ती कशी घडविली असता तिचे उत्तर विश्वासार्ह ठरते, याचा विचार या लेखात केला आहे.

गिरकीचा धोका

विमानाचे पंख वाऱ्याशी किंचित तिरपा कोन करून पुढे सरकतात आणि त्यामुळे त्यांना वरच्या दिशेने उचल मिळते. कोन वाढविला की उचल वाढते. पण एका मर्यादेपर्यंतच. हा कोन साधारणतः पंधरा अंशांच्या आसपास गेला की पंखाच्या पाठीवरून गुळगुळीत वाहणारी हवा पृष्ठभाग सोडून देते, तिच्यात भोवरे उठतात व उचल एकाएकी ढासळते. वैमानिक यास ‘स्टॉल’ म्हणतात. मोटारगाडीचे इंजिन बंद पडते त्याच्याशी याचा काही संबंध नाही. विमानाचे इंजिन उत्तम चालू असतानाही स्टॉल होऊ शकतो.

दोन्ही पंखांची उचल एकदमच ढासळली तर विमान नाक खाली करते, वेग घेते आणि सावरते. परंतु एक पंख आधी ढासळला तर तो खाली जातो, खाली जात असल्यामुळे त्याचा वाऱ्याशी होणारा कोन आणखी वाढतो व त्याची उचल आणखी कमी होते. वर जाणाऱ्या पंखाचे नेमके उलट होते. अशा रीतीने विमान स्वतःच स्वतःला फिरवू लागते व मळसूत्राच्या आट्यांप्रमाणे वाट काढीत खाली येते. हीच गिरकी, इंग्रजी शब्दाने ‘स्पिन’. पुरेशी उंची असेल तर तीतून बाहेर पडण्यास वेळ मिळतो. धावपट्टीकडे वळताना, जमीन जवळ असताना ती लागली, तर तो वेळ मिळत नाही.

विमानविद्येच्या आरंभकाळी गिरकी म्हणजे मृत्यू, असेच समीकरण होते. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये विल्फ्रेड पार्क या नौदलातील अधिकाऱ्याचे विमान अनेक प्रेक्षकांच्या समक्ष गिरकीत सापडले. नेहमीचे सर्व उपाय थकल्यावर त्याने सुकाणू गिरकीच्या विरुद्ध दिशेस पूर्ण दाबले, आणि जमिनीपासून पन्नासएक फुटांवर विमान सरळ झाले. विरुद्ध सुकाणू आणि मग दांडा पुढे, हा आजही शिकवला जाणारा उपाय त्याच मार्गाने पुढे स्थिर झाला.

पण या उपायाची एक अट आहे. सुकाणूवर वारा पोहोचला पाहिजे. गिरकीत विमान जवळजवळ पोटावर पडत असते. वारा खालून येतो. शेपटीचा आडवा पंख अशा वेळी सुकाणूच्या आड आला, तर घराच्या आडोशाला उभ्या असलेल्या माणसाला जसा वारा लागत नाही तसा सुकाणूलाही तो लागत नाही. वैमानिक मग पायाने कितीही जोर लावो, विमान ऐकत नाही. शेपूट थोडी मागे किंवा थोडी पुढे, एवढ्याशा फरकावर हे अवलंबून असते. ज्या विमानावर नवशिके विद्यार्थी शिकणार, त्याच्या बाबतीत तर ही गोष्ट आधी ठाऊक असणे अनिवार्य ठरते.

सायकल दुकानातील पेटी

प्रतिकृतीवर कृत्रिम वारा सोडून मोजमाप करण्याची कल्पना फ्रान्सिस वेनहॅम या इंग्रज अभियंत्याने १८७१ साली प्रत्यक्षात आणली. तथापि तिचे खरे सामर्थ्य दाखविले ते अमेरिकेतील राइट बंधूंनी. त्यांनी १९०१ मध्ये बांधलेल्या ग्लायडरची उचल उपलब्ध कोष्टकांवरून काढलेल्या हिशेबापेक्षा बरीच कमी भरली. त्या वेळी त्यांनी आपल्या सायकलच्या दुकानात सहा फूट लांबीची, सोळा इंच चौरस तोंडाची एक लाकडी पेटी तयार केली, तिच्या एका टोकाला पंखा बसविला आणि करवतीची पाती व सायकलचे आरे वापरून एक नाजूक तराजू केला. पत्र्याचे सुमारे दोनशे लहान लहान पंख त्यांनी या पेटीत तपासले. त्या हिवाळ्यातील या आकड्यांवर १९०२ चा ग्लायडर आणि १७ डिसेंबर १९०३ चे विमान उभे राहिले. हे सर्व साहित्य आपल्याकडील कोणत्याही तालुक्याच्या गावी सायकल दुरुस्तीच्या दुकानात मिळू शकले असते, हे सांगण्यासारखे आहे.

अशा पेटीस आता वातबोगदा म्हणतात. विमान स्थिर हवेतून जावो अथवा स्थिर विमानावरून हवा जावो, दोहोंत उचल व रोध सारखाच, या साध्या तत्त्वावर वातबोगद्याचे काम चालते. आधुनिक बोगद्यात प्रतिकृती मागून एका पोलादी दांड्यावर धरलेली असते आणि तराजू तिच्या पोटातच असतो. वाऱ्याच्या दाबाने तराजूतील धातू केसाइतकाही न वाकता ताणला जातो, त्यावर चिकटविलेल्या बारीक तारेचा विद्युत्‌रोध बदलतो आणि त्यावरून वर उचलणारे, मागे ओढणारे, बाजूला ढकलणारे व तीन अक्षांभोवती फिरविणारे बल मोजता येते.

भारतात अशा कामासाठी बंगळूर हे प्रमुख केंद्र ठरले. तेथील राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेतील चार फुटी बोगदा १९६७ पासून कामात आहे. ध्वनीपेक्षा कमी, ध्वनीइतक्या आणि ध्वनीहून अधिक अशा तिन्ही वेगांचा वारा त्यात निर्माण करता येतो. त्यासाठी मोठमोठ्या टाक्यांत हवा दाबून भरून ठेवतात आणि झडप उघडून एकदम सोडतात. टाक्या भरण्यास बराच वेळ, वारा मात्र काही सेकंदांचा. तेवढ्यातच सर्व मोजमाप उरकावे लागते. ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडालेल्या तेजस या लढाऊ विमानाच्या प्रतिकृती याच बोगद्यात तपासल्या गेल्या होत्या.

हसूरचंपू ते गॉटिंगेन

या विद्येशी महाराष्ट्राचा एक जवळचा धागा आहे, आणि तो शाळाशाळांतून सांगितला जावयास हवा तितका सांगितला जात नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यात हसूरचंपू नावाचे गाव आहे. तेथे २४ ऑक्टोबर १९०८ रोजी विष्णु माधव घाटगे यांचा जन्म झाला. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठात गेले आणि १९३६ साली लुडविग प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

प्रांट्ल हे आधुनिक वायुगतिकीचे जनक मानले जातात. वाहती हवा पृष्ठभागाला चिकटून एक पातळ थर तयार करते आणि विमानाचे बरेच गुणदोष त्या थरात ठरतात, ही गोष्ट त्यांनी १९०४ मध्ये मांडली. प्रतिकृतीच्या दृष्टीने हा थर फार अडचणीचा आहे. विमान सोळा पटींनी लहान केले तरी हवेचा चिकटपणा काही सोळा पटींनी कमी होत नाही. त्यामुळे लहान पंखाला तीच हवा जणू अधिक दाट, अधिक चिकट भासते. मुंगीला पाण्याचा थेंब जसा भासतो तसा काहीसा हा प्रकार होय. आकार, वेग, घनता आणि चिकटपणा यांचा मेळ सांगणाऱ्या संख्येस रेनल्ड्झ अंक म्हणतात. प्रतिकृतीचा व विमानाचा हा अंक जुळला नाही तर पंखाचा स्टॉल बोगद्यात एका कोनावर आणि आकाशात दुसऱ्याच कोनावर होऊ शकतो. यावर प्रांट्ल यांचेच एक शिष्य माक्स मुंक यांनी अमेरिकेत १९२२-२३ च्या सुमारास एक युक्ती केली. त्यांनी संपूर्ण बोगदाच एका पोलादी टाकीत बंद केला व आतील हवेचा दाब वीस पट केला. हवा दाट झाली आणि अंक जुळला.

हे सर्व ज्ञान घेऊन घाटगे स्वदेशी परतले. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने आणि म्हैसूर संस्थानाच्या साह्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना निघाला. घाटगे यांचे नाव त्या कारखान्याशी कायमचे जोडले गेले. भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ साली वैमानिकी अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, त्याची आरंभीची धुराही त्यांनी वाहिली. त्यांच्या नेतृत्वाखाली अभिकल्पित झालेले एच.टी.-२ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी कॅप्टन जमशेद कैकोबाद मुन्शी यांनी प्रथम उडविले. स्वतंत्र भारताच्या वायुदलातील वैमानिकांच्या अनेक तुकड्यांनी पहिले धडे याच विमानावर गिरविले. १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री देण्यात आली. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

पाव किलोचे विमान

वातबोगद्यात दांड्यावर घट्ट धरलेली प्रतिकृती बल सांगते. परंतु मोकळे सोडलेले विमान कसे वागेल, किती वेगाने फिरेल, सुकाणू दाबल्यावर किती आट्यांत थांबेल, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी प्रतिकृतीही मोकळीच सोडावी लागते. आणि येथेच बहुतेकांची समजूत चुकते. आकार हुबेहूब असला म्हणजे प्रतिकृती झाली, असे वाटते. मोकळ्या प्रतिकृतीस मात्र आकाराबरोबर वजनही प्रमाणात असावे लागते, आणि ते वजन योग्य ठिकाणी असावे लागते.

उदाहरणादाखल एच.टी.-२ ची सोळा पट लहान प्रतिकृती करावयाची आहे असे मानू. विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे १०.७ मीटर, प्रतिकृतीचा ६७ सेंटिमीटर. म्हणजे हातभर लांबीपेक्षा थोडे अधिक. विमानाचे भरलेले वजन सुमारे १,०१६ किलो. लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही बाजूंनी सोळा पट लहान करावयाचे, म्हणून सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, अर्थात ४,०९६ ने भागावयाचे. उत्तर येते २४८ ग्रॅम. पाव किलो शेंगदाण्यांच्या पुडीइतके!

यातही एक दुरुस्ती आहे. विमान गिरकीचा सराव जमिनीलगत करीत नाही, उंचावर करते. तेथे हवा विरळ असते. बोगद्यातील हवा मात्र जमिनीवरची, दाट. तीन हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांशाहून किंचित कमी असते. तेव्हा हवा व वजन यांचे गुणोत्तर राखण्यासाठी प्रतिकृती त्याच प्रमाणात जड, म्हणजे सुमारे ३३५ ग्रॅमची करावी लागते.

आता वेळेचा हिशेब. प्रतिकृती लहान झाली तरी गुरुत्वाकर्षण तेवढेच राहते. त्यामुळे वेग आणि वेळ ही सोळाच्या नव्हे, तर सोळाच्या वर्गमुळाच्या, म्हणजे चारच्या प्रमाणात बदलतात. खरे विमान दोन सेकंदांत एक गिरकी घेत असेल, तर प्रतिकृती ती अर्ध्या सेकंदात घेईल. विमान सेकंदाला ३० मीटर वेगाने खाली येत असेल, तर प्रतिकृती साडेसात मीटरने येईल. डोळ्याला हे टिपता येत नाही. म्हणून चित्रपट घेऊन तो सावकाश पाहतात.

सर्वांत अवघड भाग वजनाच्या वाटणीचा. तेवढेच वजन नाकात असले तर विमान एका रीतीने फिरते, पंखांच्या टोकांना असले तर दुसऱ्या. डोक्यावर पाण्याची घागर घेऊन वळणे आणि कावडीला दोन घागरी लावून वळणे, यांतील फरक ज्याने अनुभवला आहे त्यास हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. फिरण्यास होणारा हा विरोध प्रतिकृतीत सोळाचा पाचवा घात, म्हणजे १०,४८,५७६ पटींनी कमी असावा लागतो. म्हणून प्रतिकृतीचा सांगाडा अतिशय हलक्या बाल्सा लाकडाचा, आतून पोकळ करतात आणि उरलेले वजन शिशाच्या लहान तुकड्यांनी नेमक्या जागी भरतात. वाटणी बरोबर झाली की नाही हे पाहण्यासाठी प्रतिकृती दोन दोऱ्यांवर टांगून झोका देतात आणि घड्याळाच्या लंबकाप्रमाणे तिचा आवर्तनकाल मोजतात. एवढ्या साध्या उपायाने एवढी सूक्ष्म गोष्ट कळावी, यात शिक्षकांना दाखविण्याजोगे पुष्कळ आहे.

शाळेत याची अंशतः प्रचीती घेता येते. वहीच्या कागदाचे साधे विमान करावे व त्याच्या नाकाला कागद अडकविण्याची तारेची चिमटी लावून ते सोडावे. नंतर तीच चिमटी थोडी थोडी मागे सरकवावी. पुढे असताना विमान नाक खाली करून जमिनीत घुसते. पुरेशी मागे गेली की ते नाक वर करते, थबकते, कोसळते, पुन्हा नाक वर करते. मध्ये कोठेतरी एक जागा सापडते जेथे ते संथपणे तरंगत जाते. विमानाचा आकार तिन्ही वेळा तोच होता आणि वजनही तेच होते. बदलली ती केवळ वजनाची जागा.

उभा बोगदा

गिरकीचा अभ्यास करण्यासाठी जमिनीला समांतर बोगदा उपयोगी पडत नाही. त्यासाठी विहिरीसारखा उभा बोगदा बांधतात व त्यात हवा खालून वर सोडतात. अमेरिकेत लँग्ली येथील वीस फूट रुंदीचा असा बोगदा १९४१ पासून वापरात आला. फ्रान्समध्ये लिल येथेही असा बोगदा आहे. जगात असे मोठे बोगदे थोडेच आहेत.

तेथील कामाची रीत पाहणाऱ्याला खेळच वाटेल. एक कसबी माणूस बोगद्याच्या कडेला उभा राहून प्रतिकृती हातात घेतो आणि थाळी भिरकवावी तशी फिरवून आत सोडतो. खालून येणाऱ्या वाऱ्याचा वेग दुसरा माणूस असा जुळवितो की प्रतिकृती ना वर जाईल ना खाली. एकाच पातळीवर गिरक्या घेत राहील. वर सांगितलेल्या प्रतिकृतीला साडेसात मीटरचा, म्हणजे जोराने सायकल हाकणाऱ्याच्या तोंडावर येतो तेवढाच वारा पुरतो. गिरकी स्थिर झाली की दूरनियंत्रणाने तिचे इवलेसे सुकाणू उलट फिरवितात. चांगली शेपूट असेल तर एक-दोन आट्यांत गिरकी थांबते आणि प्रतिकृती नाक खाली करून जाळ्यात पडते. वाईट असेल तर ती फिरतच राहते. तसे झाल्यास कोणास इजा होत नाही; वारा बंद करून ती जाळ्यातून उचलावयाची, शेपूट बदलावयाची आणि पुन्हा सोडावयाची. पतंगाला चिंधी बांधणाऱ्या मुलाची रीत ती हीच.

याच बोगद्यात आणखी एक गोष्ट ठरविली जाते. खऱ्या विमानाची गिरकी-चाचणी घेताना त्याच्या शेपटीला एक लहान हवाई छत्री बांधलेली असते. सर्व उपाय हरले तर वैमानिक ती उघडतो व ती शेपूट मागे खेचून विमान सरळ करते. छत्री किती मोठी हवी, दोरी किती लांब हवी, याचा निर्णय प्रतिकृतीवर होतो. दोरी आखूड पडली तर छत्री विमानाच्याच आडोशात सापडते व फुगत नाही.

मोठ्या विमानांसाठी मोठ्या प्रतिकृतीही करतात. अमेरिकेत १९७३ साली एफ-१५ या लढाऊ विमानाची तीन अष्टमांश आकाराची प्रतिकृती बी-५२ विमानाखाली टांगून उंच नेली व तेथून सोडली. जमिनीवर बसलेला वैमानिक पडद्यावर पाहून ती चालवीत होता. तिचा खर्च सुमारे अडीच लाख डॉलर. पूर्ण विमानाचा सुमारे ६८ लाख. सरकारी खात्यात अंदाजपत्रके तपासणाऱ्यांच्या नजरेत हा फरक भरावा असा आहे, पण त्याहून मोठी बचत अशी की, आत माणूस नव्हता.

लाकडी मारुत

आपल्या देशातील एक प्रयोग या बाबतीत विशेष बोलका आहे. एच.एफ.-२४ मारुत या लढाऊ विमानाच्या अभिकल्पासाठी १९५६ साली जर्मन अभियंते कुर्ट टांक बंगळूरला आले. मूळ विमान बांधण्यापूर्वी त्याच्याच पूर्ण आकाराचे, त्याच पंखांचे व त्याच नियंत्रणाचे, परंतु बिनइंजिनाचे एक लाकडी ग्लायडर तयार करण्यात आले. डाकोटा विमानाच्या मागे दोराने ओढून ते उंच नेत व सोडून देत. २१ मार्च १९५९ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले. एकूण ७८ उड्डाणांत हे नव्या पद्धतीचे मागे वळलेले पंख हाताळणीस कसे आहेत, कमी वेगात विमान कसे वागते, हे वैमानिकांनी अनुभवाने जाणून घेतले. शेवटी उतरताना पुढचे चाक बाहेर न आल्याने ग्लायडरचे नुकसान झाले. पण तोपर्यंत त्याचे काम झाले होते. १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी खरे मारुत उडविले. मारुत हाताळणीस चांगले असल्याची ख्याती त्याच्या वैमानिकांत पुढेही टिकली.

तथापि मारुत अपेक्षित वेग गाठू शकले नाही. ज्या बलवान इंजिनावर त्याची आखणी झाली होती ते इंजिन परदेशात अर्धवट सोडून देण्यात आले व कमी शक्तीच्या इंजिनावर भागवावे लागले. लाकडी ग्लायडरला इंजिनच नव्हते. त्याला हा प्रश्न विचारलाच गेला नव्हता, मग त्याने उत्तर तरी कोठून द्यावे? इंजिनाची शक्ती वाढविण्याच्या प्रयत्नातील एका सुधारित मारुतवर १० जानेवारी १९७० रोजी चाचणी घेताना सुरंजन दास मृत्युमुखी पडले.

किरणच्या वारसाची कथा

सुरंजन दास यांनीच ४ सप्टेंबर १९६४ रोजी किरण हे जेट प्रशिक्षण विमान प्रथम उडविले होते. तेही घाटगे यांच्या नेतृत्वाखाली घडले. अनेक दशके वायुदलाच्या विद्यार्थ्यांनी त्यावर शिक्षण घेतले. त्याची जागा घेण्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने एच.जे.टी.-३६ हे विमान तयार केले. मार्च २००३ मध्ये ते आकाशात झेपावले. पहिल्या उड्डाणास लागलेला अवधी थोडा होता, म्हणून सर्वांस समाधान वाटले.

पुढे अडचण आली ती स्टॉल व गिरकीचीच. प्रशिक्षण विमान गिरकीत जाऊन सुखरूप बाहेर येते, हे सिद्ध झाल्यावाचून ते विद्यार्थ्याच्या हाती देता येत नाही. एप्रिल २०११ मध्ये चाचणीवर असलेले एक विमान तमिळनाडूतील कृष्णगिरी जिल्ह्यात कोसळले. दोन्ही वैमानिक आसनासह बाहेर फेकले गेल्याने बचावले. वर्षे जात राहिली. अखेर प्रतिकृती पुन्हा वातबोगद्यात गेली. विस्तृत चाचण्यांनंतर जो बदल ठरला तो ऐकावयास अगदी लहान आहे: शेपटीचा उभा पंख मागे सरकवावयाचा आणि सुकाणूचे क्षेत्र वाढवावयाचे. आडोशातून सुकाणू बाहेर काढण्याचाच हा उपाय होय.

बदललेले विमान २०१९ मध्ये पुन्हा उडाले. प्रथम अन्य सर्व चाचण्या झाल्या. गिरकीविरोधी छत्री बसविली गेली. मग वैमानिकांनी उंचावर नेऊन एक आटा, दोन आटे असे सावधपणे वाढवीत नेले. जानेवारी २०२२ मध्ये जाहीर करण्यात आले की, विमानाने डावीकडे सहा व उजवीकडे सहा गिरक्या घेतल्या आणि दोन्ही वेळा ते सावरून सरळ झाले.